रेनेसान्स फेअर: मागचं अंगण, रेडिओ स्टेशन आणि एक अडलेला शब्द

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे फोटो यायला लागतात. एक, भोपळ्यांच्या शेतात आणून बसवलेली लहान मुलं. दुसरे रेनेसान्स फेअरमधले, म्हणजे जुन्या इंग्लंडचा देखावा उभारून भरवलेल्या तिकिटाच्या जत्रेतले: डोक्यावर कापडी फुलांचा मुकुट, हातात वीतभर लांब टर्कीची तंगडी आणि मागे चिलखत घातलेला घोडेस्वार. खाली ओळ असते, ‘मध्ययुगात एक दिवस’. त्यातलं ‘मध्ययुग’ चुकीचं आहे असं सांगायला गेलं तर फोटो टाकणारा वैतागतो आणि म्हणतो, मग काय लिहायचं ते तूच सांग. त्याचं म्हणणं रास्त आहे, आणि या टिपणाचा बराच भाग त्याच प्रश्नात जाणार आहे.

फेअरच्या आत काय काय असतं ते सांगत बसत नाही. जे जाऊन आलेत त्यांना माहीत आहे, जे गेले नाहीत त्यांनी फोटो पाहिलेत. मुद्दा एवढाच की समोर सगळं सोळाव्या शतकातलं दिसत असलं तरी ही गोष्ट सोळाव्या शतकातली नाही. ती ११ मे १९६३ ची आहे. त्या दिवशी शनिवार होता आणि गाव होतं लॉस एंजेलिसचं उपनगर, नॉर्थ हॉलिवूड.

इंग्लंडातल्या खऱ्या जत्रांचा इतिहास अर्थात जुना आहे. लंडनमध्ये स्मिथफील्डला ऑगस्टच्या अखेरीस भरणाऱ्या जत्रेला ११३३ साली राजाची सनद मिळाली आणि ती १८५५ साली बंद झाली. सातशे वर्षं चाललेली ही जत्रा कापडाच्या व्यापारापासून सुरू होऊन तमाशे, दारू आणि खिसेकापूंवर येऊन थांबली. या जत्रांची एक गोष्ट मला फार आवडते. व्यापारी परगावचा, आज आहे उद्या नाही, म्हणून त्याचं भांडण जत्रा उठायच्या आत निकालात काढणारं वेगळं न्यायालय तिथेच बसायचं. त्याचं नाव ‘पायपावडर कोर्ट’, मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘धुळीने भरलेले पाय’. आपल्याकडच्या बैलबाजारात दलालांनी जागच्या जागी केलेला निवाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

जुन्या काळाची हौस म्हणून जुना काळ उभा करायचा, हा प्रकारही अमेरिकेच्या आधी झालेला आहे. १८३९ साली स्कॉटलंडमधल्या एका उमरावाने आपल्या इस्टेटीवर चिलखती सरदारांची स्पर्धा भरवली, हजारो लोक लोटले आणि पावसाने सगळ्याचा चिखल केला. सरदारांच्या मिरवणुकीपेक्षा छत्र्याच जास्त लक्षात राहिल्या. पण हा प्रयोग उमरावाचा होता, तिकीट काढून आलेल्या माणसांचा नव्हता. आजच्या फेअरची वंशावळ तिथून येत नाही.

ती येते एका घराच्या मागच्या अंगणातून. लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागात एक शिक्षिका राहत होती. शाळेची नोकरी सोडून ती आसपासच्या मुलांचे नाटकाचे वर्ग घेत असे. मुलांना तिने सोळाव्या शतकातल्या इटालियन फिरत्या नाटकमंडळींची पद्धत शिकवली: ठरलेली पात्रं, मुखवटे, हातात संहिता नाही, गाडीवर उभारलेला रंगमंच आणि समोर जमेल तो प्रेक्षक. आपल्याकडच्या वगनाट्यात जसं सोंगाड्याला कुठे काय बोलायचं हे लिहून दिलेलं नसतं, तसंच. मुलांना ते भलतंच जमलं, पालकांनाही चटक लागली, आणि गाडीभोवती बाजार भरवला तर काय होईल ही कल्पना तिथून निघाली. नवराही कामाला लागला.

पैशाचं निमित्त मिळालं ते रेडिओ स्टेशनचं. १९५९ साली सुरू झालेलं, जाहिराती न घेणारं, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं हे एफएम स्टेशन १९६३ च्या सुरुवातीला चांगलंच अडचणीत होतं. त्याच्या मालक संस्थेच्या लोकांना अमेरिकी सेनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने साक्षीला बोलावलं होतं. सूर असा, की तुमच्या स्टेशनांवर कम्युनिस्ट बोलतात. स्टेशनांच्या परवान्यांचं नूतनीकरण सरकारी आयोगाने अडवून ठेवलं होतं. ते सुटलं १९६४ च्या जानेवारीत. मधल्या या काळात मे महिन्यातल्या दोन दिवसांची जत्रा भरली ती या स्टेशनला निधी मिळावा म्हणून. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमध्ये केलेल्या काळ्या यादीमुळे ज्यांचं काम गेलं होतं असे काही कसबी लोक तिथे हातोडा-खिळे घेऊन उभे होते. सिनेमाचे सेट उभारणाऱ्या माणसाला लाकडी गाव उभं करणं काय कठीण?

ही पार्श्वभूमी नीट लक्षात घेतली की फेअरचं पुढचं सगळं उलगडत जातं. आज तिथे फिरताना राणी, दरबार, झुकून केलेले मुजरे दिसतात आणि वाटतं, ही माणसं सरंजामशाहीच्या आठवणीत रमली आहेत. सुरुवात मात्र उलट टोकाची आहे. जिथे बोलायची चोरी झाली होती तिथल्या लोकांनी, जिथे विदूषकाला राजालाही चार शब्द सुनवायची मुभा होती असा (निदान त्यांच्या कल्पनेतला) काळ उभा केला.

आता तो शब्द. पहिल्या वर्षीचं पूर्ण नाव होतं ‘रेनेसान्स प्लेझर फेअर अँड मे मार्केट’. देखावा होता इंग्लंडातल्या गावबाजाराचा, राज्य सोळाव्या शतकातल्या राणी पहिल्या एलिझाबेथचं. मग ‘एलिझाबेथन’ का नाही? तिच्या घराण्यावरून ‘ट्यूडर’ का नाही?

अडचण अशी, की एलिझाबेथच्या काळात ‘रेनेसान्स’ हा शब्द तिच्या प्रजेतल्या एकालाही ठाऊक नव्हता. इटलीत १५५० साली एका चित्रकार-चरित्रकाराने कलेपुरता ‘पुनर्जन्म’ हा शब्द वापरला होता हे खरं. पण अख्ख्या युगाला ते नाव चिकटवलं एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी, आधी एका फ्रेंच आणि मग, १८६० साली, एका स्विस प्राध्यापकाने. त्या स्विस प्राध्यापकाचा ग्रंथ इटलीबद्दल आहे, इंग्लंडबद्दल नाही. फ्लॉरेन्समधले सराफ, रोममधले पोप, संगमरवर, मानवतावाद, आणि शालान्त परीक्षेत आपण पाठ केलेला १४५३ सालचा कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव: या सगळ्याशी इंग्लंडातल्या खेड्यातल्या पनीर विकणाऱ्या बाईचा संबंध लावायचा तर बरीच ओढाताण करावी लागते. गाडीवरचं नाटक इटालियन, बाजार इंग्रजी, दोघांना एकत्र बांधणारी दोरी म्हणजे हा एक फ्रेंच शब्द.

मराठीत आल्यावर हा गुंता वाढतो. विश्वकोशात आणि शाळेच्या पुस्तकांत रेनेसान्सला ‘प्रबोधन’ म्हटलं आहे. पण हा शब्द आपण एवढ्या ठिकाणी वापरून ठेवला आहे की त्याला आता स्वतःचं घर नाही. युरोपातलं प्रबोधन, महाराष्ट्रातलं एकोणिसाव्या शतकातलं प्रबोधन, १९२१ साली निघालेलं त्याच नावाचं नियतकालिक, आणि त्याहून खाली उतरून व्यसनमुक्ती प्रबोधन, मतदार प्रबोधन, डेंग्यू प्रबोधन. ‘प्रबोधन जत्रा’ असा फलक लावला तर कुणालाही वाटेल की नगरपालिकेने सभामंडप घातला आहे आणि आत पत्रकं वाटतायत. ‘पुनरुज्जीवन’ म्हणावं तर त्याची आपल्याकडे दुसरीच पंचाईत. सुधारकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ‘पुनरुज्जीवनवादी’ ही जवळजवळ शिवी करून ठेवली आहे. जो मागचं सगळं, बऱ्या-वाईटासकट परत आणू पाहतो तो. गंमत अशी, की पोशाख करून फेअरला जाणाऱ्या माणसाला हे विशेषण शब्दशः लागू पडतं आणि भावार्थाने अजिबात पडत नाही. त्याला सोळावं शतक परत नको आहे. त्याला त्यातले पट्टे, शिंगाचे पेले आणि मोठ्याने बोलायची परवानगी तेवढी हवी आहे. प्लेग आणि दातदुखी सोडून बाकी सगळं, असं तिथले लोक स्वतःच हसत सांगतात.

मी स्वतः ‘रेनेसान्स’ असाच लिहितो. मुलं तर ‘रेन फेअर’ म्हणून मोकळी होतात.

राहता राहिलं ‘मध्ययुग’. इथे फोटो टाकणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. चिलखती सरदारांची भाल्यांची झुंज पाहून आपल्याला मध्ययुग आठवतं आणि मग चोखंदळ माणसं नाक मुरडतात, की सोळाव्या शतकात हे कुठून आलं. पण नखशिखांत पोलादी चिलखत नावारूपाला आलं तेच पंधराव्या-सोळाव्या शतकात. एलिझाबेथचा बाप आठवा हेन्री स्वतः या खेळाचा शौकीन होता, आणि एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, दरवर्षी भाल्यांच्या लढती होत. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ साली अशाच एका लढतीत डोळ्याजवळ भाल्याची ढलपी घुसून मेला. म्हणजे जो भाग सगळ्यांत ‘मध्ययुगीन’ वाटतो तो काळाला धरून आहे. काळाला सोडून आहेत त्या परींचे पंख, चाच्यांच्या एका डोळ्यावरच्या पट्ट्या आणि अर्थातच क्रेडिट कार्डाची मशीनं.

‘फेअर’ हा दुसरा शब्दही सरळ नाही. आयोजकांनी इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ‘ई’ लावून त्याला जुनाट रूप दिलं. तो ‘ई’ इतका रुजला की आज त्याशिवायचं स्पेलिंग जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनाचं वाटतं. मराठीत जत्रा म्हणावं का मेळा? आपली जत्रा ‘यात्रे’तून आली, म्हणजे देवाशिवाय जत्रा नाही. इंग्रजी शब्दाचंही तसंच आहे: तो लॅटिनमधल्या ‘फेरिया’वरून आला, अर्थ सणाचा दिवस. त्याच मुळापासून पोर्तुगीज ‘फेइरा’ निघाला, आणि गोव्यात चर्चच्या फेस्ताला जी दुकानं लागतात त्यांना लोक आजही फेस्ताची फेरी म्हणतात. पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरच्या, कोकम भरून ठेवायला मडगाव-म्हापशाच्या फेरीत गेलेल्या माणसाला रेनेसान्स फेअरमधली दगदग, धूळ आणि ‘नुसतं बघायला आलो’ म्हणत केलेली खरेदी ओळखीची वाटेल. कुलदैवत तेवढं दिसणार नाही. राणी ते काम बऱ्यापैकी भागवते.

फेअर शरदात कशी आली हा मुद्दा लोक विसरतात, कारण आज ती शरदातलीच वाटते. पहिली जत्रा वसंतातली होती, नावातच ‘मे मार्केट’ होतं. १९६६ पासून ती लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला अगोरा इथल्या, पूर्वी सिनेमांच्या चित्रीकरणासाठी वापरात असलेल्या एका रँचवर भरू लागली आणि दोन दशकांहून जास्त काळ तिथे राहिली. १९६७ मध्ये त्याच मंडळींनी कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सॅन फ्रान्सिस्कोपलीकडे, दुसरी जत्रा सुरू केली आणि तिचा हंगाम ठरवला सुगीचा. दक्षिणेत पेरणीचा सण, उत्तरेत कापणीचा. पेंढ्याच्या गठड्या, सफरचंदाचा रस, कणसांचे तोरण, राणी सुगीच्या भेटीला आली आहे अशी कथा: शरद ऋतूतल्या फेअरचा हा सगळा सरंजाम तिथे बसवला गेला. १९७१ पासून नोव्हाटोजवळच्या ओकच्या जंगलात ती भरू लागली आणि ज्यांनी ते जंगल पाहिलं ते लोक आजच्या कुठल्याही फेअरला ‘ठीक आहे’ यापलीकडे मार्क देत नाहीत.

पुढे देशभर पसरताना हवामानाने निकाल शरदाच्या बाजूने लावला. मिनेसोटात १९७१, टेक्सासमध्ये ह्युस्टनच्या वायव्येला १९७४, मेरीलँडमध्ये १९७७, न्यू यॉर्कजवळ १९७८. चार थर लोकर आणि वर कातडी जाकीट घालून जुलैच्या टेक्सासमध्ये कोण फिरणार? तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरच बरा. मेरीलँडमध्ये ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपते. सुरुवातीचे शनिवार-रविवार घामाचे आणि नंतरचे, ओकची पानं तांबूस होऊन धुळीत पडायला लागली की, पाहण्यासारखे. आमच्याकडे गणपती आटोपले की फेअरला जायचं, आणि दसऱ्याच्या आत जमलं नाही तर कोजागिरीच्या सुमाराला, असा अलिखित नेम आहे.

या प्रसारात एक गोष्ट बदलली जिच्यावर पुरेसं लिहिलं जात नाही. कॅलिफोर्नियातली गावं तात्पुरती होती, मांडवासारखी उभी करायची आणि काढायची. टेक्सास, मिनेसोटा, मेरीलँड इथे कायमची लाकडी गावं उभी राहिली. टेक्सासची जागा तर आधी खाणकाम झालेली, खरवडून सोडलेली जमीन होती. तिथे झाडं, तळी आणि किल्ले आले, आणि भोवतालच्या वस्तीला गावाचा दर्जा मिळून फेअरचा संस्थापक वर्षानुवर्षं त्या गावाचा महापौर राहिला. अनेक ठिकाणी पद्धत अशी, की जमीन फेअरची, पण तिच्यावरचं दुकान कारागिराने स्वतःच्या पैशाने बांधायचं. दुमजली, नक्षीदार, गिलाव्यावर काळ्या लाकडी पट्ट्या. वर्षातले सात-आठ आठवडे वापरायचं आणि उरलेल्या काळात कुलूप. दुकान कारागिराचं असूनही ते उचलून नेता येत नाही, आणि पायाखालची जमीन कधीच त्याची नसते. आपल्याकडच्या गावठाणातल्या ‘घर माझं, जागा देवस्थानची’ या वादाची आठवण व्हावी असं हे प्रकरण आहे.

हे कारागीर आणि खेळ करणारे लोक स्वतःला ‘रेनी’ म्हणवतात. वसंतात एका राज्यात, उन्हाळ्यात दुसऱ्या, शरदात तिसऱ्या, सोबत घर म्हणजे मागे जोडलेली गाडी. साठ-सत्तरच्या दशकांत हाताने केलेली मातीची भांडी, फुंकलेली काच, ठोकलेलं लोखंड, शिवलेलं चामडं यांना अमेरिकेत जो बाजार मिळाला त्यात या फेअरींचा वाटा मोठा आहे. आजही तिथे पायाने फिरवायच्या चाकावर मडकं घडताना पाहिलं की मला बरं वाटतं, आणि त्याच दुकानाच्या शेजारी प्लास्टिकच्या तलवारींचा ढीग दिसला की वाटत नाही. हा माझा पूर्वग्रह आहे, तो लपवत नाही.

१९९० च्या दशकातला वाद याच पूर्वग्रहाभोवती फिरतो. कॅलिफोर्नियातल्या मूळ मंडळींनी फेअर ही ‘जिवंत इतिहासा’ची शाळा मानली होती. आत काम करायचं असेल तर आधी कार्यशाळा: काळाला धरून कसं बोलायचं, कपड्याचा रंग कुठल्या झाडापासून निघत असे, कोणत्या दर्जाच्या माणसाने टोपी कधी काढायची. घड्याळ काढून ठेवायचं, चष्मा शक्यतो नको. पण शाळेचा हिशोब जुळेना. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या दोन्ही फेअरी एका कंपनीच्या हाती गेल्या, तिच्याकडे विस्कॉन्सिन आणि न्यू यॉर्कच्याही आल्या, आणि कंपनीचे शेअर बाजारात विकायला निघाले. राणी एलिझाबेथच्या गावाचा तिमाही ताळेबंद! त्याच दशकाच्या अखेरीस नोव्हाटोचं जंगल फेअरच्या हातून गेलं. तिथे आता महागडी घरं आणि गोल्फचं मैदान आहे.

कंपनीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, की स्वच्छतागृहं, पार्किंग, विमा आणि वेळेवर पगार याही गोष्टी कुणीतरी करायच्या असतात. शिवाय येणाऱ्या दहा माणसांतल्या नऊ जणांना एलिझाबेथ कोण हेही नको असतं, त्यांना संध्याकाळपर्यंत मजा हवी असते. पण शिकवणीचा भाग गेला तेव्हा बाकीचं टिकवणारं मीठच गेलं, असं जुनी मंडळी म्हणतात, आणि मला ते पटतं. २००३ नंतर चाच्यांची लाट आली, मग पऱ्या, मग ड्रॅगन, मग ठरावीक आठवड्याला कालप्रवासी. आता सोळावं शतक हा अनेक पोशाखांपैकी एक पोशाख उरला आहे. टेक्सासच्या फेअरला हंगामात पाच लाखांच्या आसपास माणसं येतात; तिचा गादीचा वारस कोण, विकायची की नाही, यावरून झालेला तमाशा २०२४ मध्ये माहितीपटांच्या मालिकेतून जगाने पाहिला.

उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेअरीत १९६८ च्या सुमाराला सुरू झालेल्या एका नृत्यमंडळीबद्दल दोन ओळी. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या नाचांची, सापांची, तलवारी डोक्यावर तोलण्याची सरमिसळ करून त्यांनी एक कार्यक्रम बसवला. अस्सल असं त्यात थोडंच होतं. पण अमेरिकेतल्या ‘ट्रायबल’ बेली डान्सची अख्खी परंपरा तिथून निघाली. खोट्या इंग्लंडातून खोटं तुर्कस्तान निघालं आणि त्यातून एक खरी गोष्ट जन्मली. फेअरच्या साठ वर्षांत असं पुष्कळदा झालं आहे.

तुर्कस्तानावरून टर्की. फेअरमधली तंगडी ही सगळ्यांची चेष्टेची जागा: अमेरिकेतला पक्षी इंग्लंडच्या गावात कसा? तर पक्षी खरोखर पोहोचला होता. १५४१ साली इंग्लंडच्या चर्चने धर्मगुरूंच्या जेवणावळींवर मर्यादा घातली, त्या यादीत क्रौंच आणि हंसाबरोबर टर्की आहे. एका ताटात एकच. चेष्टा करायची तर तंगडीच्या आकाराची करावी. विसाव्या शतकात मांसासाठी जोपासलेल्या जातीचा तो पक्षी, मिठाच्या पाण्यात मुरवलेला, मग धुरावलेला. म्हणून चव कोंबडीपेक्षा हॅमच्या जवळ जाते. कातडं चिवट, आतले कंडरे टाचणीसारखे टोकदार, चरबी कोपरापर्यंत ओघळते, आणि कागदी रुमाल नेहमी एक कमी पडतो.

नावाची गंमत तर याहून मोठी. इंग्रजांना वाटलं तो तुर्की व्यापाऱ्यांचा. तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच शब्दाचाही मूळ अर्थ ‘हिंदुस्थानचा’. आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, फळावरून नव्हे, देशावरून. हिंदुस्थानात मात्र तो दिसला तो गोव्याच्या बंदरातून. १६१२ साली गोव्याहून नेलेला टर्की जहांगीरच्या दरबारात पोहोचला. बादशहाने त्याच्या डोक्या-मानेचे रंग कसे बदलतात हे कौतुकाने लिहून ठेवलं आणि दरबारी चित्रकाराकडून त्याचं चित्र काढवलं. ते चित्र आता लंडनच्या संग्रहालयात आहे. तेव्हा फेअरच्या फोटोतली तंगडी पाहून ‘हे आपलं नव्हे’ म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

कोण आत शोभतं आणि कोण नाही, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मोठ्याने विचारला जातोय. गोऱ्या माणसांचं गोरं गाव, अशी टीका झाली. युरोपातल्या भटक्या रोमा लोकांसाठी वापरला जाणारा हिणवणारा जुना शब्द अनेक फेअरींनी आपल्या फलकांवरून काढला. कॅरोलिना असो की कॅलिफोर्निया, पोशाखात आता साड्या, किमोनो, आफ्रिकी झगे दिसतात. माझा भाचा एका वर्षी अंगरखा आणि फेटा घालून आला. दारावर भाला घेऊन उभा असलेल्या पहारेकऱ्याने (तलवारी असतील तर म्यानाला बांधून घ्या हे सांगणं त्याचं खरं काम) कमरेत वाकून विचारलं, “महाराज कोणत्या दरबारातून?” भाचा म्हणाला, “कोल्हापूर.” पहारेकरी म्हणाला, “दूरचा प्रवास झाला तुमचा.” मागे रांग खोळंबली होती.

प्रवास दूरचा, पण अशक्य नव्हता. सोळाव्या शतकातलं कोल्हापूर आदिलशाहीत होतं. १५८३ साली एलिझाबेथचं अकबराला लिहिलेलं पत्र घेऊन लंडनहून निघालेले व्यापारी होर्मुझला पोर्तुगीजांच्या हाती लागले आणि गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. त्यांना जामिनावर सोडवण्यात हात होता एका इंग्रज जेझुइट पाद्र्याचा, जो १५७९ पासून गोव्यात होता. पुढच्या वर्षी ते गोव्यातून निसटून विजापूरच्या वाटेने गेले. जामिनासाठी धडपडलेला तो इंग्रज मात्र गोव्यातच राहिला, आणि त्याने ओवीछंदात लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या आहेत. एलिझाबेथच्या राज्यात वाढलेला माणूस मराठीत पुराण सांगतो, हे फेअरच्या कुठल्याही रंगमंचावर अजून आलेलं नाही. यायला हरकत नसावी.

मेरीलँडचं थोडं जास्त सांगतो, कारण तेच मी जवळून पाहिलं आहे. फेअर तिथे १९७७ साली कोलंबिया गावात सुरू झाली आणि १९८५ पासून अॅनापोलिसजवळच्या क्राउन्सव्हिलला आहे. शेअर बाजारवाल्या कंपनीच्या हाती ती गेली नाही. एकाच घराण्याकडे राहिली. या राज्यात भाल्यांच्या खेळाला वेगळं महत्त्व आहे: १९६२ साली, म्हणजे पहिल्या रेनेसान्स फेअरच्याही एक वर्ष आधी, मेरीलँडने घोड्यावरच्या भालेबाजीला राज्याचा अधिकृत खेळ ठरवलं. तो मात्र माणसाला पाडायचा खेळ नाही. दौडत्या घोड्यावरून कमानीला टांगलेली बारीक कडी भाल्याच्या टोकात उचलायची, आपल्याकडच्या नेझाबाजीच्या नात्यातला. फेअरच्या मैदानात जो होतो तो दुसरा, आपटाआपटीचा. भाल्याचं टोक बाल्साच्या हलक्या लाकडाचं असतं. ढालीवर आदळलं की वाळकी काटकी मोडावी तसा कडाक आवाज होतो, तुकडे गवतात उडतात, आणि झुंज संपताच कठड्याखालून हात घालून पोरं ते गोळा करतात. आमच्या गाडीच्या डिकीत असे तीन तुकडे अजून आहेत.

तिथला राजा आठवा हेन्री, एकामागून एक सहा राण्या केलेला. दरवर्षी त्याच्या कारकिर्दीतलं वेगळं साल निवडून त्यावर दिवसभराची कथा बेततात, त्यामुळे आपण कुठल्या वर्षी जातो त्यावर राणी कोण ते ठरतं. २०२० साली महासाथीमुळे कुठलीच राणी आली नाही, गाव कुलपात राहिलं. भाचा आता कॉलेजात आहे. यंदा कोणती आहे, असं त्याने ऑगस्टमध्येच विचारून ठेवलं.